बेल पोचली

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की मास्तरीण. पाठीमागचं नाव पुढे पोचायला वेळ लागत नाही, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. अकरा वर्षं त्या कंपनीत काढली होती आणि अकरा वर्षं एकाच विषयावर ती सगळ्यांचं डोकं खात होती: लॉग नीट लिहा.

लॉग म्हणजे चालत्या प्रोग्रॅमने स्वतःच्या कामाची ठेवलेली नोंदवही. अमुक वाजता हे आलं, तमुक वाजता ते गेलं, इथे बिघडलं. एरवी तिच्याकडे कुत्रं फिरकत नाही, पण काही बिनसलं की सगळे तिच्यावरच तुटून पडतात, कारण दुसरा साक्षीदार नसतो. म्हणून मास्तरीण सांगायची: वेळ लिहा, काय झालं ते लिहा, कोणाच्या बाबतीत झालं ते नंबराने लिहा, लोकांची नावं आणि दुखणी लिहू नका, चूक झाली तर चूक म्हणून लिहा. मंडळी माना डोलवायची आणि जागेवर जाऊन जे करत होती तेच करायची. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

कंपनी इस्पितळांसाठी बेल बनवायची. खाटेशेजारी एक छोटा पडदा, त्यावर चार चित्रं: पाणी हवंय, दुखतंय, संडासला जायचंय, लवकर या. रोग्याने चित्राला बोट लावलं की त्या मजल्यावरच्या नर्सच्या खिशातला फोन वाजायचा. बारा इस्पितळं ही बेल वापरत होती आणि मालकांच्या खोलीत त्या बाराही इमारतींचे फोटो टांगलेले होते.

सोमवारी सकाळी बघूया साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. हे तिचे वरिष्ठ. कुठल्याही प्रश्नाला ‘बघूया’ म्हणत, म्हणून ते नाव. त्यांना आणखी एक खोड होती. बोलता बोलता पेनाचं टोपण कानात घालून फिरवायचे, बाहेर काढून निरखायचे, आणि मग त्याच टोपणाने समोरच्याच्या कागदावर ‘हे इथे’ असं दाखवायचे. मास्तरीण त्यांच्या खोलीत कागद नेत नसे.

“एका इस्पितळात लफडं झालंय,” साहेब म्हणाले. “तिसरा मजला, बावीस नंबरची खाट. एक आजोबा होते, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. गेल्या मंगळवारी दुपारी त्यांनी बेल दाबली. कोणी आलं नाही. वीस मिनिटं वाट बघितली आणि स्वतःच उठायला गेले. पडले. दुसरा खुबा मोडला.”

“अगं बाई! कशासाठी दाबली होती बेल?”

“संडासला. ते महत्त्वाचं नाही. नर्स म्हणतेय फोन वाजलाच नाही. इस्पितळ म्हणतंय, बाई कामचुकार आहे, वर खोटं बोलतेय. तिला घरी बसवलंय. गुरुवारी चौकशी. दोषी ठरली तर नोकरी जाईल, परवानाही जाईल. मग कुठल्याच इस्पितळात तिला उभं करणार नाहीत.” टोपण कानात गेलं. “त्यांना आपल्या लॉगचं पान हवंय. तुम्ही काढा आणि द्या.”

“म्हणजे लॉगवर तिचा निकाल लागणार?”

“लॉग खोटं बोलत नाही, मॅडम. तुम्हीच सांगता ना आम्हाला?”

मास्तरीण जागेवर आली, बाह्या सरसावल्या आणि मंगळवारचा लॉग उघडला. एका दिवसाच्या चौदा लाख ओळी.

‘चालू आहे’. ‘चालू आहे’. ‘चालू आहे’. दर सेकंदाला, प्रत्येक सर्व्हरची, कोणी न विचारलेली खुशाली. त्यातच नऊ लाख ओळी खर्ची पडलेल्या. उरलेल्यांत ‘आलो’, ‘परत आलो’, ‘इथे कसा काय आलो??’, ‘ही ओळ दिसली तर मी मेलो’. ही शेवटची ओळ त्या दिवशी चारशे वेळा दिसली होती आणि लिहिणारा धडधाकट, पलीकडच्या टेबलावर बसून नखं कुरतडत होता. एके ठिकाणी कोणीतरी नोकरी सोडून गेलेल्या एका साहेबाच्या आईचा उद्धार केलेला होता. सिंकच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता बोटाने ओढून काढावा, तसं वाटत होतं तिला.

आणि त्याच्या मधे मधे माणसं. नावासकट, वयासकट. अमुक बाई, वय एकसष्ट, संडासला जायचंय. चार मिनिटांनी पुन्हा तेच. सात मिनिटांनी पुन्हा तेच. मग ‘लवकर या’. मग काही नाही. पुढे काय झालं असेल ते मास्तरणीला कळलं आणि तिने पडद्यावरची नजर काढून घेतली. त्या बाईने हे कुणाला, अगदी पोटच्या लेकीलाही सांगितलं नसतं, आणि इथे ते कंपनीतला कोणीही चहा पिता पिता वाचू शकत होता. वाचतही होते. गेल्याच महिन्यात जेवणाच्या टेबलावर एकाने असलीच एक ओळ आवाज काढून वाचून दाखवली होती आणि दोघंतिघं फिदीफिदी हसले होते. तिने डबा अर्धा टाकून दिला होता.

ती उठली आणि साबण लावून हात धुऊन आली. हाताला काही लागलेलं नव्हतं, तरी धुतले.

आता आजोबांची बेल शोधायची. एकेका बेलला एकेक नंबर द्या आणि तो नंबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्याबरोबर जाऊ द्या, हे सांगून सांगून तिच्या घशाला कोरड पडली होती. कोणी दिला नव्हता. बारा इस्पितळांच्या बेला एकमेकींत मिसळून गेलेल्या, कुठलं ‘आली’ कुठल्या ‘पोचली’चं, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. शेवटी ज्या घाणीची शिसारी आली होती तिचाच आधार घ्यावा लागला. तिने आजोबांचं नाव टाकून शोधलं. सापडले. दुपारी दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटं, ‘बेल आली’. त्याच सेकंदाला, ‘बेल पोचली’.

म्हणजे नर्स खोटं बोलत होती. मास्तरणीला हायसं वाटलं आणि त्या अनोळखी बाईची चीडही आली. म्हातारा माणूस वीस मिनिटं कळ दाबून पडून राहतो आणि ही खिशातला फोन बंद करते! असल्या बायकांना उभं तरी का करावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पान काढून पत्र लिहायला घ्यायचं, एवढंच उरलं होतं.

पण सवयीचा गुलाम असतो माणूस. फोनपर्यंत बेल नेणारा सर्व्हर वेगळा होता, त्याचाही लॉग बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. त्याचं घड्याळ तीन तास मागे. का मागे, ते कोणालाच माहीत नव्हतं. मागे आहे हे माहीत असायला हवं, एवढंच. तिने तीन तास वजा केले आणि अकरा सत्तेचाळीसची ओळ काढली. एकच शब्द होता. ‘अरेरे’.

हा शब्द कोणाचा ते विचारायची गरजच नव्हती. ऑफिसात एक कवी होता. कविता त्याने कधी दाखवल्या नाहीत, पण लॉगमध्ये मात्र प्रतिभेला पूर येई. मास्तरीण तडक त्याच्या टेबलाशी गेली.

“हे ‘अरेरे’ तुझं?”

कवीने वाकून बघितलं आणि चेहरा खुलला. “माझंच. नुसतं ‘चूक’ लिहिण्यापेक्षा जरा माणुसकी वाटते, नाही?”

“कशाबद्दल अरेरे?”

“काहीतरी बिनसलं असेल.”

“काय बिनसलं?”

“लिहिलं तेव्हा माहीत होतं.”

“कुठली बेल, कुठला फोन, का गेली नाही, यातलं काही न लिहिता नुसतं अरेरे?”

“वाईट वाटलं हे तर लिहिलंय ना, मॅडम.”

त्याच्या कानाखाली एक वाजवावी असं तिला मनापासून वाटलं. वाजवली नाही. कोड उघडून ती खालपर्यंत वाचत गेली. फोन सापडला नाही, बेल जाऊ शकली नाही, की हा पठ्ठ्या ‘अरेरे’ लिहून मोकळा होत होता. पुन्हा पाठवणं नाही, कोणाला कळवणं नाही. म्हणजे दोन सत्तेचाळीसला कुठली तरी बेल कुठल्या तरी फोनवर गेली नव्हती. मग ‘बेल पोचली’ कोण म्हणालं?

तिने वरचा कोड उघडला. ‘बेल पोचली’ लिहिणारी ओळ होती, आणि तिच्या खाली दोन ओळी सोडून बेल पाठवायची ओळ. मास्तरणीने ते तीनदा वाचलं. प्रोग्रॅम आधी ‘पोचली’ असं लिहीत होता आणि मग पाठवायला निघत होता. जेवणाआधीच ढेकर! पाठवणं फसलं तर खाली कुठेतरी तीन तास मागच्या घड्याळात अरेरे, आणि वर ‘पोचली’ आपली छाती काढून उभी.

“कोणी खाल्लं हे शेण?” ती मोठ्याने म्हणाली. आजूबाजूची दोनतीन डोकी वर झाली.

कोडची प्रत्येक ओळ कोणी आणि कधी लिहिली याची नोंद असते. तिने ती काढली. तिचं स्वतःचं नाव होतं. सहा वर्षांपूर्वीची तारीख.

तारीख बघताच तो दिवस समोर उभा राहिला. पहिल्या इस्पितळाची माणसं बेल बघायला आली होती. तेव्हा ती ओळ खाली होती, जिथे असायला हवी तिथेच. नेटवर्क रडत होतं आणि ‘पोचली’ पडद्यावर उमटायला चार सेकंद लागत होते. मालक मागे येऊन कानाशी कुजबुजले, “एवढा वेळ? पाहुण्यांसमोर लाज जाईल.” तिने ओळ उचलली आणि वर नेऊन ठेवली. एवढंच केलं. पुढच्या वेळी बोट लावताक्षणी ‘पोचली’ झळकलं, पाहुणे खूश, मालक खूश, सगळ्यांना मिठाई. नंतर खाली नेऊ, असं ती मनात म्हणाली होती. त्या नंतरला सहा वर्षं झाली. त्या सहा वर्षांत तिने कवीला, नखं कुरतडणाऱ्याला, आल्यागेल्याला नोंद कशी लिहावी यावर प्रवचनं दिली होती.

तिला स्वतःची किळस आली. मघाशी नर्सला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या आता तिने स्वतःलाच दिल्या. कवीचं ‘अरेरे’ निदान खरं तरी होतं.

दुसऱ्या दिवशी तिने गेल्या नव्वद दिवसांचे सगळे ‘अरेरे’ मोजले. दोन हजार तीनशे अकरा. आणि ते दिवसभर पसरलेले नव्हते. सकाळी सातनंतर, दुपारी अडीचनंतर, रात्री साडेनऊनंतर, असे पुंजके होते. तिने इस्पितळाच्या ऑफिसात फोन लावून विचारलं, या वेळांना काय असतं? पलीकडचा कारकून म्हणाला, ड्युटी बदलते. जाणारी नर्स फोन बंद करून चार्जिंगला लावते, येणारी दुसरा उचलते. बेलच्या यंत्रणेला ही अदलाबदल कळायला वीसेक मिनिटं लागत. तेवढ्या वेळात आलेली प्रत्येक बेल चार्जिंगला लावलेल्या बंद फोनकडे जायची आणि वाटेत मरायची. दिवसातून तीनदा, बारा इस्पितळांत.

ती बघूया साहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. ओळ आपली आहे हेही सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, टोपण बाहेर काढलं, निरखलं.

“मॅडम, किती वर्षं तुम्ही मागे लागला आहात? लॉग साफ करू द्या, लॉग साफ करू द्या. करा साफ! ते अरेरे वगैरे कचराच आहे, तुम्हीच म्हणता. काढून टाका सगळे. दोन स्वच्छ ओळी राहू देत. बेल आली, बेल पोचली.”

“आणि ती नर्स?”

“तिचं बघूया.” साहेबांनी टोपण पेनाला लावलं. “आणि हे बाहेर गेलं तर पहिलं नाव तुमचंच येईल. बारा इस्पितळं आहेत. या वयात दुसरीकडे कोण घेणार तुम्हाला, याचाही विचार करा.”

अकरा वर्षं ज्याची परवानगी मागत होती ती परवानगी अशी मिळाली होती. मास्तरणीला त्या खोलीचा वास नकोसा झाला. ती उठली आणि म्हणाली, “बघते.” दार लोटून बाहेर आल्यावर तिला कळलं की आपण नाही म्हणालो नाही. ‘बघते’ म्हणालो. त्या माणसाचाच शब्द आपल्या तोंडून निघाला होता.

संध्याकाळी घरी सासऱ्यांनी आल्याआल्या तक्रार मांडली की उशीचा अभ्रा पुन्हा उलटा घातला आहे. चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढलेला माणूस. घरातल्या प्रत्येक वस्तूने आपापल्या रुळावर असावं असा त्यांचा आग्रह. सून आणि सासरे दिवसातून दोनदा भांडत आणि त्याशिवाय दोघांनाही अन्न गोड लागत नसे. आज ती भांडली नाही. ताटावर नुसती बसून राहिली.

“काय झालं?” सासऱ्यांनी विचारलं. “की भाजीत मीठ नाही म्हणून तूच जेवत नाहीस?”

तिने सांगितलं. प्रोग्रॅम, सर्व्हर असलं काही न म्हणता सरळ सांगितलं. पोचायच्या आधीच पोचली लिहिलं, बाबा. सहा वर्षं.

सासऱ्यांनी घास खाली ठेवला. “शेवटच्या डब्याचा लाल दिवा बघितल्याशिवाय आम्ही गाडी गेली असं लिहायचो नाही. इंजिन गेलं, दहा डबे गेले, तरी नाही. मधेच तुटून चार डबे मागे राहिले असतील तर? आमच्यातला एकजण चहा गार होतो म्हणून आधीच लिहायचा.”

“मग?”

“मग काय? आम्ही त्याच्या हातचं पाणी घेत नव्हतो.” एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. ते थोडे गडबडले आणि भाजीचं भांडं तिच्याकडे सरकवलं. “मला कशाला सांगतेस? जिथं सांगायचं तिथं जाऊन सांग. जेव आता.”

ती जेवली, पण चव लागली नाही.

गुरुवारी सकाळी अकराला इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या खोलीत चौकशी भरली. फिनेलचा वास, लांब टेबल, कडेला मोडक्या चाकाची एक खुर्ची. मधोमध इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर, त्यांच्या शेजारी मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सवरची बाई. बघूया साहेब आणि मास्तरीण एका बाजूला. समोर ती सिस्टर. तिशीची असेल. गणवेश घालायला मनाई होती म्हणून साध्या कपड्यांत आली होती आणि हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. मास्तरणीने ‘असल्या बायका’ म्हणून जी मनात उभी केली होती, तिच्याशी हिचं काहीच जुळत नव्हतं.

साहेबांनी आदल्या दिवशी स्वतःच काढून घेतलेलं पान टेबलावर ठेवलं. “दोन सत्तेचाळीस. बेल आली, बेल पोचली. आमची नोंद स्पष्ट आहे.”

“सिस्टर, यावर काय म्हणायचंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही वाजला हो, सर,” ती म्हणाली. नऊ दिवस तेच बोलून त्या वाक्यातला जीव गेला होता. “मी तिथंच होते. समोरच्या खोलीत सलाईन लावत होते.”

“पण इथे लिहिलंय.”

“मला काही विचाराल का?” मास्तरीण म्हणाली. साहेबांनी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिने पाय काढून घेतला. तिलाही ठाऊक होतं की या खोलीतून बाहेर पडल्यावर तिची खुर्ची रिकामी करायला सांगतील. “मेट्रन, तुमच्या मजल्यावरचा एक फोन द्या. आणि तो बंद करा. पूर्ण बंद.”

मेट्रनने फोन बंद करून टेबलावर ठेवला. मास्तरणीने पिशवीतून खाटेशेजारचा असतो तसला पडदा काढला, आपला लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा वळवला आणि ‘संडासला जायचंय’ या चित्राला बोट लावलं. त्याच क्षणी लॅपटॉपवर ओळ उमटली: ‘बेल पोचली’.

सगळे टेबलावरच्या त्या बंद फोनकडे बघत राहिले. तिने पुन्हा बोट लावलं. ‘बेल पोचली’. पुन्हा. ‘बेल पोचली’.

“फोन खिडकीतून फेकून दिलात तरी हेच लिहील,” मास्तरीण म्हणाली. “पाठवायच्या आधीच लिहितं. ही ओळ मी लिहिलीय. बघायला आलेल्या लोकांसमोर बरं दिसावं म्हणून सहा वर्षांपूर्वी वर सरकवली. ड्युटी बदलल्यावर वीस मिनिटं बेल बंद फोनवर जाते. सिस्टरचा फोन त्या दिवशी वाजला, असं या पानावरून कोणीही म्हणू शकत नाही. असल्या पानावर कोणाला शिक्षा द्यायची म्हणजे...” तिने पानाकडे बोट केलं. “घाण आहे ही. माझी आहे.”

बघूया साहेबांनी टोपण कानात घातलं. डॉक्टरांनी मेट्रनकडे बघितलं, मेट्रनने ते पान दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं. मग डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, उद्यापासून ड्युटीवर या.”

सिस्टर रडेल, आभार मानेल, असं मास्तरणीला वाटलं होतं की काय, कोण जाणे. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. मास्तरणीकडे टक लावून बघत विचारलं, “मग चौथ्या मजल्यावरच्या ताई?”

“कोण?”

“गेल्या वर्षी काढल्या त्या. त्यांनाही असंच पान दाखवलं होतं. त्या पण हेच म्हणत होत्या, वाजलाच नाही. आम्ही कोणीच विश्वास ठेवला नाही.” ती थांबली. “मीही नाही.”

मेट्रन उठून कपाटाशी गेली. फाईल काढायला तिला वेळ लागला नाही. त्यात लॉगचं एक पान होतं, सकाळी सात वाजून दहा मिनिटांचं. आली, पोचली. त्याला कंपनीचं पत्र जोडलेलं: आमच्या नोंदीनुसार बेल निश्चितपणे पोचली होती. खाली मास्तरणीची सही. तिला ते पत्र आठवतही नव्हतं. वर्षात असली वीसेक पत्रं ती चहा गार व्हायच्या आत लिहून टाकायची. ‘निश्चितपणे’ हा शब्द तिचाच, तो मात्र ओळखीचा वाटला.

“तो जुना लॉग काढून बघता येईल?” मेट्रनने विचारलं. “तेव्हाचं अरेरे का काय ते?”

“नाही. नव्वद दिवसांनी पुसला जातो.” तो नियमही तिनेच लावून घेतला होता, भांडून. लोकांची दुखणी जन्मभर साठवून ठेवू नयेत म्हणून. कंपनीत एवढा एकच नियम सगळ्यांनी इमानाने पाळला होता.

मेट्रनने पत्ता कागदावर लिहून दिला. मास्तरीण साहेबांच्या गाडीत बसली नाही. दोन बस बदलून ती त्या पत्त्यावर गेली, तिथे शेजारणीने सांगितलं, बाई आता कोपऱ्यावरच्या लॉंड्रीत कामाला असतात.

लॉंड्रीत वाफेने गुदमरायला होत होतं. मागच्या टेबलाशी एक पन्नाशीची बाई चादरींच्या घड्या घालत होती. इस्पितळातल्यासारख्याच, कोपऱ्याला कोपरा लावून. मास्तरणीने आपण कोण ते सांगितलं आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. ओळ, पाहुणे, पत्र, सही. बाईने हातातली चादर तशीच धरून ऐकलं.

“म्हणजे वाजला नव्हता?” तिने विचारलं.

बाईने उत्तराची वाट बघितली नाही.

“मी दोनदा कान तपासून घेतले,” बाई म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, चांगले आहेत. पण कागदावर होतं ना, पोचली म्हणून. मग म्हटलं, वाजला असेल, मलाच ऐकू आलं नसेल. वर्षभर तेच धरून चाललेय. लेकीला बाळ झालंय, पाच महिन्यांचं. ती म्हणते, आई, तुझ्याकडे ठेवून कामावर जाते. मीच नको म्हणते. रडलं आणि मला ऐकूच आलं नाही तर?” तिने चादर टेबलावर ठेवली. “आता सांगा. वाजला नव्हता ना?”

नव्हता, एवढं म्हटलं असतं की झालं असतं. एक शब्द. शब्द मास्तरणीच्या जिभेवर आलाही. पण जे बघितलं नाही ते छातीठोकपणे सांगण्याचं काम तिने एकदा केलं होतं आणि त्याचं फळ समोर वाफेत उभं होतं. तिला या खरेपणाचीही किळस आली.

“बहुतेक नाही,” ती म्हणाली. “सात दहा म्हणजे ड्युटी बदलायची वेळ. बहुतेक नाहीच वाजला. पण नक्की सांगायला माझ्याकडे आता काही नाही.”

“बहुतेक,” बाई म्हणाली. तिने चादर पुन्हा उचलली, कोपऱ्याला कोपरा लावला, हात फिरवून सुरकुती काढली. “बहुतेकवर मी बाळ कसं घेऊ, बाई?”

मागून कोणीतरी चादरी मागितल्या आणि बाई त्या घेऊन आत गेली.